तपासल्याची फुली

शिफारस केलेल्या व्यक्तीचे नाव: मर्व्हिन एल्वुड ट्रिफिट. वय: एकाहत्तर. वैवाहिक स्थिती: विवाहित, एकदाच. व्यवसाय: टॅनर्स मार्श गावापासून लेक रोडच्या टोकापर्यंत टपाल पोहोचवणे, सोमवार ते शुक्रवार, गेली एकतीस वर्षे. ओळखीची खूण: उजव्या तर्जनीला न जाणारा गुलाबी रंग. समाजोपयोगी कार्य: सदर गृहस्थ स्वखर्चाने व स्वयंप्रेरणेने, रस्त्यावर वाहनाच्या धडकेने मेलेल्या प्राण्यांची तपासणी करतात, त्यांना रस्त्याकडेला हलवतात, व तपासणी झाल्याची खूण म्हणून त्यांच्या अंगावर फुली मारतात. तपासलेले प्राणी: अंदाजे चार हजार. वाचलेली पिल्ले: एकशे त्र्याण्णव. कार्यातील त्रुटी: आढळली नाही.

हा मजकूर माझा आहे. टॅनर्स मार्श परिषदेच्या कचेरीत कुत्र्याच्या परवान्यापासून बागेतल्या बाकांवरच्या पितळी पाट्यांपर्यंत सगळं लिखाण माझ्याकडे असतं. 'त्रुटी' हा रकाना अर्जावर छापलेलाच आहे आणि रिकामा सोडला तर अर्ज परत येतो, म्हणून 'आढळली नाही' असं लिहिलं. मार्चच्या तीन तारखेला ते खरंही होतं.

लेक रोड बावन्न किलोमीटरचा आहे. त्यावर माणसं थोडी आणि वॉलबी पुष्कळ. कांगारूची ही धाकटी भावंडं पहाटे आणि संध्याकाळी रस्ता ओलांडतात, आणि निम्म्या रस्त्यात आल्यावर त्यांचा विचार बदलतो. आमच्यातल्या प्रत्येकानं कधी ना कधी एक तरी उडवलेली आहे. नाही म्हणणारा एक तर खोटं बोलतो किंवा सायकलवरून फिरतो.

उडवल्यावर काय करायचं हे आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक असतं. गाडी डावीकडे घ्यायची, दिवे लुकलुकत ठेवायचे आणि उतरायचं. जनावर जिवंत असेल तर पशुवैद्याला किंवा अनाथ पिल्लं वाढवणाऱ्या आयोना ब्राउनरिगला फोन करायचा. मेलं असेल तर शेपटीला धरून पार गवतात ओढायचं, कारण रस्त्यावर मढं पडलं की ते खायला डेव्हिल म्हणतात ते लहान कुत्र्याएवढं काळं जनावर येतं, गरुड येतो, आणि पुढची गाडी त्यांनाही घेते. एका मरणाचं असं चार-पाच मरणांत रूपांतर करायला आमच्या रस्त्याला एक रात्र पुरते. आणि मादी असेल तर तिच्या पिशवीत हात घालायचा. आई मेली तरी पिशवीतलं पिल्लू दिवसभर, कधी दोन दिवसही तग धरतं. बाहेर रडायला येत नाही. आत स्तन तोंडात धरून वाट बघत बसतं. ते ओढून काढायचं नाही, तोंड फाटतं. स्तनच कापायचा आणि पिल्लू शर्टाच्या आत, कातडीला लावून आयोनाकडे न्यायचं.

हे सगळं ठाऊक असणं वेगळं आणि सकाळी सात वाजता, थंडीत, कामाला उशीर होत असताना मेलेल्या जनावराच्या पोटात हात घालणं वेगळं. दुसरी गोष्ट मर्व्ह करायचा.

का करायचा, याबद्दल गावात मतं आहेत. आयोनाच्या मते त्याचं काळीज मऊ होतं. पेट्रोल पंपावरच्या मंडळींच्या मते त्याला घरी जायची घाई नसायची. त्याच्या बायकोचं, ग्वेंडाचं मत मला सगळ्यांत पटतं. ती म्हणायची, "टपालवाला आहे तो. पिशवी दिसली की हात घालणारच."

तपासून झालं की मर्व्ह गाडीच्या दारातला रंगाचा डबा काढायचा, खडखड हलवायचा आणि जनावराच्या कुशीवर गुलाबी फुली मारायचा. रस्ता मोजणाऱ्यांनी मागे टाकून दिलेल्या रंगापासून हे सुरू झालं. तो संपल्यावर मर्व्ह विकत आणू लागला. फुलीचा अर्थ एवढाच की आत कोणी नाही, पुढं जा.

आणि आम्ही पुढं जायचो. पहिल्या वर्षी लोक फुली बघून हायसं वाटून घेत. पाचव्या वर्षी फुली नसलेलं जनावर दिसलं तरी मर्व्ह येईलच म्हणून पुढं जात. पंधराव्या वर्षापर्यंत बावन्न किलोमीटरच्या रस्त्यावरच्या सगळ्या माणसांची सदसद्विवेकबुद्धी एका टपालवाल्याच्या रंगाच्या डब्यात मावू लागली होती. त्याची कुणाला अडचण वाटली नाही. उलट परिषदेनं त्याचा सत्कार करायचं ठरवलं.

एप्रिलच्या दुसऱ्या मंगळवारी मर्व्ह टपालाची सुट्टी घेऊन ग्वेंडाला दोन तासांवरच्या हॉबार्ट शहरात नेत होता. तिच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायचा होता. चौदा महिने वाट पाहून ही तारीख मिळाली होती, आणि इस्पितळाच्या पत्रात ठळक अक्षरांत लिहिलं होतं की सव्वानऊनंतर येणाऱ्यांचा क्रमांक रद्द होईल. ग्वेंडानं ते पत्र पर्समध्ये न ठेवता मांडीवर धरलं होतं.

पावणेसातच्या सुमाराला, धुकं अजून कुंपणांपर्यंत उतरलेलं असताना, वॉलबी डावीकडून आली. मर्व्ह साठच्या वेगानं चालला होता. त्यानं ब्रेक दाबला, तिनं नेहमीप्रमाणे विचार बदलला आणि ती दिव्याखाली गेली. एकतीस वर्षांत मर्व्हनं स्वतः उडवलेली ही पहिलीच. तो सायकलवरून फिरत नव्हता. नुसताच सावकाश चालवायचा.

तो उतरला. ती जागीच गेली होती. त्यानं तिला शेपटीला धरून गवतात ओढलं. मादी आहे हे त्याला ओढतानाच कळलं. ग्वेंडा गाडीतच होती. तिनं फक्त एकदा घड्याळाकडे पाहिलं. पुढं कित्येक दिवस ती सगळ्यांना सांगत होती की चूक तिची, तिनंच त्याला घाई केली. मर्व्ह म्हणतो, तिनं एक अक्षर काढलं नाही. या बाबतीत त्या दोघांचं अजून पटलेलं नाही, आणि प्रत्येकाला दोष आपल्याकडेच हवा आहे.

त्यानं मला नंतर सांगितलं त्याप्रमाणे झालं ते असं. तो वाकला. दुसऱ्यानं मारलेल्या चार हजार जनावरांना त्यानं बेधडक हात लावला होता; हिला लागेना. ती अजून ऊन होती, आणि तिचे डोळे उघडे होते. तो उठला, गाडीशी गेला, दारातला डबा काढला, हलवला, आणि फुली मारली. हात सवयीनं चालला असं तो म्हणत नाही. मी तशी वाट करून दिली होती. त्यानं ती घेतली नाही. "मला माहीत होतं मी काय करतोय," तो म्हणाला. "मला तिथून निघायचं होतं."

तीन किलोमीटर गेल्यावर ग्वेंडानं विचारलं, "होतं का रे काही?"

"नाही," मर्व्ह म्हणाला.

लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली होती. मर्व्ह बायकोशी खोटं बोलतच नसे असं नाही. तिच्या बहिणीच्या स्वयंपाकाबद्दल तो नियमित बोलायचा. पण हे 'नाही' वेगळं होतं. ते गाडीत दोघांच्या मध्ये बसलं आणि हॉबार्टपर्यंत आलं.

ते इस्पितळात नऊला दहा कमी असताना पोहोचले. ग्वेंडाचा क्रमांक रद्द झाला नाही. तिला साडेअकरापर्यंत बसवून ठेवलं. तेवढ्या वेळात आमच्या रस्त्यावरच्या किती तरी वॉलबी आरामात तपासून झाल्या असत्या. तिला आत नेल्यावर मर्व्ह वाहनतळावर येऊन गाडीत बसला आणि त्यानं फोन काढला.

आयोनाचा नंबर त्याला पाठ होता. वीस वर्षं तो तिला आठवड्यातून दोनदा तरी फोन करायचा, आणि त्यांचं बोलणं पाच शब्दांत आटपायचं: एक आहे, केस आलेत, आणतो. केस पिल्लाचे. आताही तेवढंच लागलं असतं. मैलाचा अठरावा दगड, बघून ये. आयोनाच्या घरापासून ती जागा दहा मिनिटांवर.

त्या दिवशी त्यानं तीनदा फोन काढला.

पहिल्यांदा त्याला वाटलं, आत काही नसेलच. दहातल्या सात पिशव्या रिकाम्या निघतात. मग एवढ्यासाठी आयोनाला कशाला धावायला लावायचं. दुसऱ्यांदा, तीनच्या सुमाराला, ग्वेंडा डोळ्याला पट्टी लावून शेजारीच बसली होती. डॉक्टरांनी उद्या सकाळी पुन्हा दाखवायला सांगितलं होतं, म्हणजे मुक्काम तिच्या बहिणीकडे. फोन केला तर तिच्यासमोर ते 'नाही' परत घ्यावं लागलं असतं, आणि आयोनानं विचारलं असतं की मग फुली कशी. तिसऱ्यांदा संध्याकाळ झाली होती. ग्वेंडाच्या बहिणीनं मटणाच्या रश्श्यात साखर घातली होती आणि मर्व्हनं तो छान झाल्याचं सांगितलं होतं. तो अंगणात आला, फोन हातात धरला, आणि त्याला वाटलं, असलंच काही तर आता ते गेलं असणार. आता सांगून कुणाचं भलं होणार आहे.

"तीनही विचारांत हाच सगळ्यांत सुखाचा होता," तो मला म्हणाला. "त्यानंतर मला झोप लागली. नीट लागली. हे पण लिही."

इकडे लेक रोडवर मंगळवार नेहमीसारखा गेला. मी स्वतः आठ वाजून दहा मिनिटांनी अठराव्या दगडापाशी फुली पाहिली, आणि मर्व्ह आज सुट्टीच्या दिवशीही कामावर आहे असं कौतुकानं मनात म्हटलं. दूधवाली गाडी गेली. शाळेची बस दोनदा गेली. आयोना सकाळी पिल्लांची दूधपावडर आणायला गावात गेली आणि दुपारी परत आली. ती फुली दिसली की नेहमी हात वर करायची. तो मर्व्हला असायचा की वॉलबीला, हे तिनं कधी सांगितलं नाही. त्या दिवशी तिनं दोनदा हात वर केला.

बुधवारी दुपारी बाराला परतताना मर्व्हनं अठराव्या दगडापाशी गाडी थांबवली.

"आता काय?" ग्वेंडानं विचारलं.

"पाय मोकळे करतो जरा."

ग्वेंडाच्या एका डोळ्यावर प्लास्टिकची वाटी होती. दुसऱ्या डोळ्यानं तिनं पाहिलं की तो पाय मोकळे करत नाहीये. तो गुडघ्यांवर बसला, त्यानं बाही कोपरापर्यंत वर केली, आणि मग खूप वेळ हललाच नाही. मग त्यानं खिशातून चाकू काढला. मग तो शर्टाची बटणं सोडू लागला. तो गाडीत बसल्यावर तिनं आपला लोकरीचा स्कार्फ काढून त्याच्या छातीशी कोंबला आणि म्हणाली, "जोरात चालव."

मर्व्हनं लेक रोडवर ऐंशीनं गाडी चालवल्याची ती एकमेव नोंद आहे.

आयोना ब्राउनरिग पूर्वी मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्या टोळ्यांना रांधून घालायची. टोळ्या संपल्यावर ती अनाथ वॉलबींकडे वळली. तिच्या मते कामात फरक एवढाच की वॉलबी जेवणाला नावं ठेवत नाहीत. तिच्या घरात दाराच्या प्रत्येक मुठीला जुन्या पायजम्यांच्या कापडाची एकेक थैली टांगलेली असते आणि थैलीतून कान बाहेर आलेले असतात. पाहुण्यानं दार ढकलण्याआधी विचारायचं असतं.

तिनं मर्व्हच्या शर्टातून पिल्लू काढून घेतलं आणि स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली नेलं. ते तळहाताएवढं होतं. गुलाबी, एकही केस न आलेलं, डोळे मिटलेले. छाती हलत होती, पण थांबून थांबून.

"गार पडलंय," आयोना म्हणाली. "आई कधीची?"

"काल सकाळची. पावणेसातची."

ती त्याला गरम कापडात गुंडाळत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"अठराव्या दगडाची तर नाही? तिच्यावर फुली आहे."

"तीच."

"मग?"

"फुली मीच मारली. न बघता. तिलाही मीच मारलं, आयोना."

ग्वेंडा दारात उभी होती. ती पुढं होऊन म्हणाली की तिच्या डोळ्यामुळे घाई झाली. आयोनानं तिच्याकडे पाहिलं नाही.

"फोन होता ना तुझ्याकडे?" तिनं मर्व्हला विचारलं.

"होता."

"लागत नव्हता का?"

"लागत होता."

आयोनानं पिल्लाच्या जिभेवर कोमट थेंब सोडला आणि तो आत जातो का ते पाहत राहिली. गेला. मग ती हळूच म्हणाली, "मी दोनदा गेले रे तिथून."

ती मर्व्हला आणखी काही बोलली नाही. वीस वर्षांत कुणी दारूच्या नशेत जनावर चिरडून तिच्या ओट्यावर आणून टाकलं तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारी ही बाई. मर्व्ह म्हणतो, तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

एवढं लहान पिल्लू शंभरात पाच जगतं. वेळेवर सापडलेलं. हे आयोनाला ठाऊक होतं आणि मर्व्हलाही. तरी तिनं ते हातात घेतलं. दर दोन तासांनी दूध, बाटलीनं नव्हे, बारीक नळीनं. कातडीला तेल. थैलीतली ऊब जराही ढळू द्यायची नाही. दुपारी एक ते चार तिला झोपायला मिळावं म्हणून त्या वेळात थैली कुणीतरी अंगाशी धरायची होती. मर्व्हला तिनं बोलावलं नव्हतं. तो आपला टपाल लवकर वाटून एक वाजता येऊन बसला, आणि तिनं थैली त्याच्या स्वेटरच्या आत सरकवून दिली. असं रोज.

गावात अजून कुणाला काही माहीत नव्हतं. शुक्रवारी तो स्वेटरमधल्या थैलीसह पेट्रोल भरायला थांबला, तेव्हा पंपावरच्या मंडळींना दिवसाचं काम मिळालं.

"काय मर्व्ह, कितवा महिना?"

"ग्वेंडाला माहीत आहे का रे? बाप कोण?"

"एकाहत्तराव्या वर्षी. डॉक्टरांनी काय सांगितलं?"

एरवी मर्व्हनं अशांना दोन ऐकवली असती. त्याची जीभ काही टपालाच्या तिकिटांपुरती नव्हती. त्या दिवशी त्यानं एक हात स्वेटरवर ठेवून दुसऱ्यानं पेट्रोल भरलं आणि तो निघून गेला. मंडळींनी निष्कर्ष काढला की ग्वेंडाचं ऑपरेशन बिघडलेलं दिसतंय, आणि दुसऱ्या दिवशी तिच्याकडे एक केक पाठवला.

रविवारी पिल्लानं नळी ओढून धरली. आयोनानं मर्व्हला फोन करून पहिल्यांदा पाचपेक्षा जास्त शब्द वापरले. ती म्हणाली, "ओढतंय रे. जोर आहे. उगाच आशा धरू नकोस, पण ओढतंय." मर्व्हनं आशा धरली. सोमवारी तो येताना मुठीला टांगायला एक नवी थैली घेऊन आला. ग्वेंडानं एका डोळ्यानं शिवलेली होती, टाके जरा वाकडे.

मंगळवारी दुपारी अडीचला, त्याच्या स्वेटरमध्येच, पिल्लाची छाती थांबली. आयोना आत झोपली होती. मर्व्हनं तिला उठवलं नाही. चार वाजता ती बाहेर आली तेव्हा तो तसाच बसलेला होता, थैली उबेत धरून. तिनं हात घालून पाहिलं आणि थैली काढून घेतली.

"उठवायचंस ना," ती म्हणाली.

"तुझी झोप झाली नव्हती."

आयोना म्हणाली, न्यूमोनिया. गारठलेल्यांना होतोच. त्या पहिल्या मंगळवारी दुपारीच हाताशी आलं असतं तर जगलं असतं का, हे त्यानं विचारलं. तिनं सांगितलं की शंभरात पाच. मग त्या पाचात ते असतं का, असं त्यानं विचारलं. तिनं चहा ठेवला.

बुधवारी मर्व्ह कचेरीत माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. टोपी हातात. त्यानं सगळं सांगितलं, जसं मी वर लिहिलंय तसं, मध्ये न थांबता. मग म्हणाला, "त्या अर्जावरून माझं नाव काढ."

मी नियम पाहिले. शिफारस मागं घेण्याचा अधिकार शिफारस करणाऱ्याला आहे. जिची शिफारस झाली त्या व्यक्तीला नाही, कारण असं कुणाला वाटेल याचा विचार नियम करणाऱ्यांनी केला नव्हता. शिफारस परिषदेची. मी त्याला आमच्या अध्यक्षांकडे, क्लाइव्ह ऑर्चर्डकडे नेलं. क्लाइव्ह मनाचा चांगला आहे. त्याला कुणाला वाईट वाटलेलं सोसत नाही, आणि त्यामुळे तो माणसाला पुरतं बोलू देत नाही.

"अरे मर्व्ह, चार हजारांतली एक," तो म्हणाला. "माझ्या हिशेबात इतकी चूक परिषदेनं कधी धरलीच नसती. आणि तुझ्या त्या पट्ट्यात फोन तरी कुठं लागतो?"

"क्लाइव्ह, मी त्या पट्ट्यात नव्हतो. मी..."

"तेच म्हणतो मी. नव्हतास. काय करणार होतास?"

मर्व्हनं दोनदा प्रयत्न केला. मग त्यानं टोपी घातली. जाताना मला म्हणाला, निदान तो त्रुटीचा रकाना तरी बदल. मी बदलते म्हटलं. क्लाइव्हनं मला मजकूर सांगितला आणि मी तो जरा साफसूफ करून टंकला. त्यात खोटं असं एकही वाक्य नाही, हे मी दोनदा तपासलं. मर्व्हला त्यामुळे हलकं वाटेल असं मला वाटलं होतं.

सत्कार मेच्या पहिल्या शनिवारी दुपारी सभागृहात झाला. चहा होता, खोबऱ्यात घोळवलेले केकचे तुकडे होते, शंभरेक माणसं होती. ग्वेंडा दोन्ही डोळे उघडे ठेवून पहिल्या रांगेत बसली होती. आयोना मागच्या भिंतीशी उभी होती, तिच्या गळ्यात एक थैली होती. मर्व्ह येणार नाही असं मला वाटलं होतं. आला. कोट घालून आला.

क्लाइव्हनं मानपत्र वाचायच्या आधीच मर्व्ह मंचावर चढला आणि म्हणाला की त्याला दोन मिनिटं हवीत. मग त्यानं सभेला सांगितलं: अठरावा दगड, मंगळवार, न बघता मारलेली फुली, हॉबार्टहून न केलेला फोन. आवाज न चढवता, टपालाच्या वेळा सांगाव्यात तसं. पंपावरची मंडळी चहाच्या कपात बघत होती.

"गाडीखाली जनावर आलं तर काय करायचं ते तुम्हाला माहीत आहे," तो शेवटी म्हणाला. "ते मी सांगत नाही. फुली दिसली तरी थांबा एवढं सांगतो. माझी असली तर नक्की थांबा. आणि बघायचं राहून गेलं तर कुणाला तरी फोन करा. लाज वाटेल. वाटू दे. फोन करा."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वाजवायच्या की नाही हे ठरेना. आयोनानं मागून हात वर केला, फुलीला करायची तसा, आणि खाली घेतला. तो मर्व्हला होता हे या वेळी सगळ्यांना दिसलं. तेवढंच. त्यानंतरही ती त्याच्याशी पाच शब्दांत बोलते. पण बोलते.

मर्व्हनं त्या दिवसापासून फुली मारलेली नाही. तो थांबतो, उतरतो, ओढतो, बघतो, आणि काही खूण न ठेवता निघून जातो. त्यामुळे आता लेक रोडवर एखादी वॉलबी गवतात पडलेली दिसली की ती तपासलेली आहे की नाही हे कळायला एकच मार्ग उरलाय. काही जण थांबतात. मी थांबते, पहिल्या वेळी मला तिथंच उलटी झाली. पुष्कळ जण अजून फुली शोधत हळू होतात, आणि ती दिसली नाही की वेग वाढवतात.

मंचावरचं बोलणं कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं, त्यामुळे ते कार्यवृत्तात आलेलं नाही. मानपत्र मात्र क्लाइव्हनं ठरल्याप्रमाणे पूर्ण वाचलं, आणि तेच परिषदेच्या दप्तरात कायम झालं. त्यातला माझ्या हातचा, दुरुस्त केलेला रकाना असा आहे:

कार्यातील त्रुटी: एक. दिनांक चौदा एप्रिल रोजी एका प्राण्याच्या बाबतीत सूचना देण्यास विलंब झाला. लेक रोडच्या सदर भागात मोबाइल संपर्काची सोय उपलब्ध नाही, ही बाब परिषद खेदपूर्वक नमूद करते.

हॉबार्टमध्ये फोन लागतो.